काँक्रीटचा स्केटपार्क: निविदेआधी काय काय लिहून घ्यावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या नगरपालिकेने नव्या वस्तीतली पाच गुंठ्यांची खुली जागा "स्केटिंग"साठी मंजूर केली आहे. एस्टिमेट वाचलं. खोदाई, सोलिंग (दगडांचा थर), पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), वर एम-२० (काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी) चा सपाट कोबा, भोवती रेलिंग आणि शेवटी हिरवा-निळा ऑइलपेंट. म्हणजे चार चाकांचे स्केट्स घालून गोल फिरायचं रिंक. पण इथली जी पोरं रोज संध्याकाळी बाजार समितीच्या ओट्यावर स्केटबोर्ड घेऊन पडत-झडत शिकताहेत, त्यांना हवाय पार्क: गोलाईत वर चढणाऱ्या भिंती, छोटा बाऊल (वाडग्यासारखा खोलगट भाग), पायऱ्या, कठडे.

मुख्याधिकारी ऐकून घेणारे आहेत. "निविदा अजून निघालेली नाही, काय बदल हवेत ते तांत्रिक भाषेत लिहून द्या" म्हणाले.

माझं मत आधीच सांगतो. असा पार्क चांगला होणार की वाईट, हे मिक्सरची पहिली गाडी यायच्या आधीच ठरतं. चुकीच्या गोलाईत काँक्रीट बसलं की ते फोडण्यावाचून उपाय नाही, आणि फोडायला पुन्हा कोणी पैसे देत नाही. म्हणून ज्यांनी असं काम केलंय, पाहिलंय किंवा त्यावर बोर्ड चालवलाय त्यांनी सविस्तर लिहावं. काँक्रीट, आकार, पाण्याचा निचरा आणि नंतरची देखभाल, सगळंच.

उंबरठा

वाचतोय. एक अडाणी प्रश्न: रिंकवर चार लाकडी रॅम्प आणून ठेवले तर नाही का चालणार? स्वस्तात होईल.

पुण्याची_पोर

@उंबरठा, पावसाळ्याआधीपर्यंत चालेल. प्लाय फुगतो, स्क्रूची डोकी वर येतात, आणि लोखंडी सांगाड्यावरचे रॅम्प गंजतात व भयंकर वाजतात. शेजारच्या बिल्डिंगमधून पहिली तक्रार आवाजाचीच येते. काँक्रीट शांत असतं आणि नीट बांधलं तर पिढ्यान् पिढ्या टिकतं.

कृष्णाकाठ काका, ऑइलपेंट मात्र पहिला खोडा. रंगावर दव पडलं की बोर्ड पायाखालून निसटतो.

जे स्केटबोर्ड चालवत नाहीत त्यांच्यासाठी थोडं: आमची चाकं साधारण ५२ ते ५४ मिमी व्यासाची आणि कडक असतात. सायकलला जो खडीचा कण कळतही नाही, तो आमचं चाक जागच्या जागी थांबवतो, आणि बोर्ड थांबला तरी माणूस थांबत नाही. त्यामुळे "एवढीशी फट आहे, चालतंय की" हे इथे लागू नाही.

खेळाचे दोन प्रकार ऑलिंपिकमध्ये आहेत, टोकियोपासून: स्ट्रीट आणि पार्क. स्ट्रीट म्हणजे पायऱ्या, रेलिंग, कठडे. पार्क म्हणजे बाऊल आणि गोलाया. पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धेत स्ट्रीटमध्ये सुवर्ण घेतलं. तेव्हा "हे आपल्याकडचं नाही" असं कोणी सभेत म्हणालं तर हे नाव सांगा. पाच गुंठ्यांत दोन्ही थोडं थोडं बसतं, फक्त गर्दी करू नका. प्रत्येक अडथळ्याच्या आधी वेग घ्यायला आणि नंतर सावरायला मोकळी जागा लागते. नकाशावर रिकामी वाटणारी ती जागा बघून कोणीतरी हमखास तिथे कारंजं सुचवतं.

जुना_ओव्हरसियर

मी सरकारी बांधकामात आयुष्य घालवलं. स्केटबोर्ड कधी हातात धरला नाही, पण काँक्रीट धरलंय, म्हणून लिहितो.

पहिलं, जमीन. कृष्णाकाठी असाल तर काळी माती असणार. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचा कोबा उचलते. ती काढून मुरूम भरा, थराथराने, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. कोपऱ्यात रोलर जात नाही तिथे धुम्मस. गोलाईच्या मागचा भराव तर सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो उंच असतो आणि घाईघाईत नुसता टाकला जातो. तो बसला की वरची भिंत मधोमध तडकते.

दुसरं, एम-२० पुरत नाही. एम-३० घ्या, जाडी १२५ मिमी. १० मिमीची सळई दोन्ही दिशांना २०० मिमीवर बांधली तर चौरस मीटरला सहा किलोच्या वर लोखंड लागतं. पाचशे चौरस मीटरला तीन टन, जोडाचं वेगळं. काँक्रीट साठ-पासष्ट घनमीटर, म्हणजे आरएमसीच्या (प्लँटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या) दहा-अकरा गाड्या, गोलायांचं जास्तीचं क्षेत्र धरलेलं नाही. हे आकडे एस्टिमेटशी ताडून बघा. कव्हर ब्लॉक (सळई जमिनीपासून उचलून धरणारे ठोकळे) लावल्याशिवाय सळई झाकू देऊ नका, नाहीतर जाळी मातीवर लोळते आणि कागदावर मात्र मधोमध असते.

तिसरं, पाणी मारणं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र (राख वगैरे मिसळलेल्या) सिमेंटला किमान १० दिवस सांगितलंय. कोरडी, गरम हवा असेल तर १० च्या खाली कुठलंच नाही, आणि मिश्र सिमेंटला १४ दिवस द्यावेत असं आहे. आपल्या बाजारात बहुतेक पीपीसी मिळतं, म्हणजे मिश्रच. सपाट स्लॅबवर आपण आळी करून पाणी साठवतो. गोलाईवर आळी करताच येत नाहीत! तिथे गोणपाट अंथरून, भिजवून, वरून प्लास्टिक घालायचं आणि एक माणूस फक्त त्याच कामाला ठेवायचा. निविदेत ही वेगळी बाब म्हणून लिहा, तरच होईल.

फिनिशिंग मात्र झाडूने खरबरीत करा. पोरं घसरणार नाहीत.

पुण्याची_पोर

काका, शेवटची ओळ सोडून सगळ्याला हात जोडून अनुमोदन. खरबरीत फिनिश आमच्यासाठी दोन्हीकडून वाईट. चाकं अडखळतात आणि पडलं की कातडी सोलून निघते. गुळगुळीत काँक्रीटवर माणूस घसरत जातो, म्हणून कमी लागतं. आम्ही घसरायला शिकतो, गुडघ्यांवर पॅड घालून. स्टीलच्या थापीने घट्ट घोटलेला, पण काचेसारखा न चमकणारा पृष्ठभाग हवा. ऑइलपेंट नाही, सिमेंटची भुकटी शिंपडून काढलेली चकाकीही नाही.

जुना_ओव्हरसियर

बाळ, तू चालवणार आहेस, तेव्हा तुझं म्हणणं वरचढ. भुकटीचं म्हणतेस ते तर शंभर टक्के खरं. वरून कोरडं सिमेंट मारून घोटलं की पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो वर्षभरात सुटतो. झाडू मग फक्त बाहेरच्या पायवाटेवर मारा, जिथे लोक चपला घालून चालणार.

मातीचा_माणूस

सगळं ठीक, पण तालुक्याच्या गावात हे कशाला? खो-खोचं मैदान नीट नाही, तालमीचं छत गळतंय. स्केटबोर्ड ही ज्यांच्या बापाकडे पैसे आहेत त्यांची चैन. राग मानू नका, मनापासून विचारतोय.

विंध्यवासी

@मातीचा_माणूस, प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा लांब उत्तर देतो. नोकरीनिमित्त मी मध्य प्रदेशात असतो. पन्ना जिल्ह्यात, व्याघ्र प्रकल्पाच्या जवळ जनवार नावाचं खेडं आहे. तिथे २०१५ मध्ये उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने काँक्रीटचा स्केटपार्क झाला. जनवार कॅसल म्हणतात त्याला. श्रीमंत वस्ती सोडाच, गाव आदिवासी आणि यादवांचं, आणि दोन्हीकडची पोरं त्याआधी एकत्र खेळत नव्हती. पार्क झाला आणि बोर्ड सामायिक ठेवले, त्यामुळे ज्याची पाळी आली त्याने चालवायचं.

तिथले दोन नियम आपल्याकडे फळ्यावर लिहिण्यासारखे आहेत. शाळेला गेला नाहीत तर बोर्ड नाही. आणि बोर्डावर पहिला हक्क मुलींचा: मुलीने मागितला की मुलाने उतरायचं. त्याच गावातली आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळली.

राजस्थानात उदयपूरजवळ खेमपूरलाही पार्क आहे. एका चित्रपटासाठी बांधला आणि चित्रीकरणानंतर गावाकडेच ठेवला. चित्रपटवाल्यांनी प्लायचा सेट न लावता काँक्रीट ओतलं, म्हणून तो गावाच्या वाट्याला आला.

खो-खोचं मैदान हवंच. पण खो-खोला संघ लागतो, वेळ लागते, सर लागतात. इथे एकटी मुलगी संध्याकाळी येऊन स्वतःच्या वेगाने शिकू शकते. ज्या पोरांना कुठल्याच संघात घेतलं जात नाही ती इथे रमतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मातीचा_माणूस

पटलं. मुलींच्या नियमासाठी माझं मत घ्या. तालमीच्या छताचा धागा मी वेगळा काढतो.

ओरेगॉनकर

पोर्टलंडहून लिहितोय. इथला बर्नसाइड पार्क सगळ्यांनी ऐकला असेल. १९९० च्या शरदात बर्नसाइड पुलाच्या पूर्व टोकाखाली काही स्केटबोर्डरांनी परवानगी न घेताच काँक्रीट कालवून पुलाच्या भिंतीला एक छोटा उतार टेकवला. मग दुसरा, मग तिसरा. जागा तेव्हा गर्दुल्ल्यांची आणि कचऱ्याची होती. रोज तिथे माणसं दिसू लागली तशी आसपासच्या धंदेवाल्यांनीच त्यांची बाजू घेतली आणि शहराने मागाहून मान्यता दिली. आजही तो चालवणारेच तो दुरुस्त करतात, फोडतात, पुन्हा ओततात.

या धाग्याशी त्याचा संबंध असा: तिथे हात काळे केलेल्यांतूनच पुढे पार्क बांधणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. ड्रीमलँडचे मार्क "रेड" स्कॉट तिथलेच. म्हणजे नकाशा काढणारा, थापी धरणारा आणि बोर्ड चालवणारा एकच. आपल्याकडे बंगळुरूचा होलीस्टोक्ड गट तसाच: आधी स्केटबोर्डर, मग बांधणारे. कृष्णाकाठ, निविदेत "स्केटपार्क बांधल्याचा अनुभव असलेला सल्लागार ठेकेदाराने नेमावा" ही अट घाला आणि त्याने गोलाया ओतण्याच्या दिवशी जागेवर हजर राहायचं, हेही लिहा. नुसता नकाशा पाठवणारा सल्लागार उपयोगाचा नाही.

हेमंत_ऋतू

आमच्या शहरात पुलाखाली वडापावची गाडी टाकायची तर तीन सह्या लागतात, आणि हे लोक पुलाखाली पार्क ओतून मोकळे! हलके घ्या.

थापी_रंधा

घरात तीन पिढ्या गवंडीकाम. मी स्वतः जलतरण तलाव आणि दोन बाऊल केलेत, म्हणून गोलाई कशी करतात ते सांगतो. वर कोणी लिहिलं नाही.

प्लायचे फर्मे कापायचे, नेमक्या त्रिज्येचे. ते दीड-दोन मीटरवर उभे करायचे, मध्ये भराव त्याच आकारात तासायचा, त्यावर सळईची जाळी वाकवून बांधायची. मग माल खालून वर चढवत न्यायचा. दोन रीती आहेत. हाताने टाकायचा तर माल घट्ट हवा, स्लम्प (साचा काढल्यावर ओला माल किती खाली बसतो ते माप) ५० ते ७५ मिमी. पंपाने येणारा नेहमीचा पातळ माल गोलाईवर थांबतच नाही, पायथ्याशी येऊन बसतो. आणि गाडी आली की कोणीतरी ड्रायव्हरला "पाणी सोड जरा" म्हणतंच. त्या माणसाला त्या दिवशी साइटवर येऊ देऊ नका.

दुसरी रीत फवारणीची, शॉटक्रीट. बोगद्यात आणि घाटातल्या दरडींवर मारतात तेच. आपल्या महाराष्ट्रात हे काम जाणणाऱ्या टोळ्या आहेत, पण त्यांना खडबडीत सोडून द्यायची सवय. इथे मारल्याबरोबर मागून फर्म्यावरून पट्टी ओढणारे आणि घोटणारे गवंडी हवेत. फवारताना उडून खाली पडलेला माल परत भरायचा नाही. त्यात खडी जास्त, सिमेंट कमी असतं. तो पायथ्याच्या कोपऱ्यात दाबला की नेमकी तिथेच भेग येते, जिथे चाक सगळ्यात जोरात आदळतं.

वरच्या कडेला पाइप असतो, कोपिंग म्हणतात. बाहेरून ६० मिमी व्यासाचा हवा. दुकानात ५० एनबी, म्हणजे दोन इंची, सी क्लास (जाड पत्र्याचा) मागा. आतल्या बाजूला आणि वर तो ६ ते १० मिमी बाहेर दिसला पाहिजे. त्याहून जास्त आला की चाक अडकतं आणि काँक्रीटमध्ये बुडाला तर ट्रकला काही लागतच नाही. बाऊलच्या वळणावर पाइप रोलिंग मशिनवरच वाकवून आणा. गॅसने तापवून वाकवला की चपटा होतो.

पुण्याची_पोर

@थापी_रंधा दादा, "ट्रकला काही लागत नाही" वाचून घरचे घाबरले. मंडळी, ट्रक म्हणजे बोर्डाखालचा धातूचा आस!

गणिताचे_सर

त्रिज्येवर थोडं. लोकांना वाटतं गोलाई म्हणजे वर्तुळाचा पाव भाग. १.२ मीटर उंचीची भिंत १.२ मीटर त्रिज्येने काढली तर वरची कड ९० अंशांत उभी राहते. नवशिक्याला ती भिंतच आहे. त्रिज्या २.१ मीटर घेतली तर त्याच उंचीवर कडेचा कोन सुमारे ६५ अंश होतो, आणि पायथ्यापासून कडेपर्यंतचं आडवं अंतर १.९ मीटर. उंची ०.९ केली तर कोन ५५ आणि अंतर १.७ च्या आसपास.

सूत्र दहावीचंच, पायथागोरस. त्रिज्येची दुपट गुणिले उंची, त्यातून उंचीचा वर्ग वजा, त्याचं वर्गमूळ म्हणजे आडवं अंतर. ठेकेदाराचा फर्मा आला की टेप लावून तुम्हीच तपासू शकता. माझ्या वर्गातल्या पोरांना हे उदाहरण दिलं तर भूमिती जास्त गोड लागेल.

पुण्याची_पोर

सर, तुमची ०.९ वाली गोलाई सगळ्यात जास्त वापरली जाणार, लिहून ठेवा. सगळे पार्क मोठ्या भिंतीचा फोटो काढण्यासाठी बांधतात. शिकणारी मुलं लहान गोलाईवरच असतात.

रत्नांग्रीचो_पाऊस

अजून निचऱ्यावर कोणीच धड बोलला नाही, म्हणून कोकणातून एक हाक! बाऊल म्हणजे जमिनीत केलेला हौद. त्याच्या तळाला जाळी आणि जाळीखालून पाइप हवाच, आणि तो पाइप काँक्रीटच्या आधी टाकावा लागतो. नंतर आठवलं तर काहीच करता येत नाही. पाइप कुठे जाऊन सुटणार, त्याची पातळी बाऊलच्या तळाहून खाली आहे का, हे आधी लेव्हल लावून बघा. गटार वर आणि बाऊल खाली असेल तर जमीन खोदण्याऐवजी बाऊल भरावावर उचलून घ्यायचा.

हिशोब देतो. तासाला १०० मिमीच्या वेगाने पाऊस कोसळला तर पाच गुंठ्यांवर सेकंदाला सुमारे १४ लिटर पाणी येतं. ११० मिमीचा पाइप शंभराला एक उतारात ७-८ लिटर नेतो, १६० मिमीचा २० च्या आसपास. सगळं पाणी एका जागी आणणार असाल तर १६० च घ्या. सपाट भागालाही शंभराला एक-दीड उतार द्या, डोळ्यांना दिसत नाही आणि बोर्डाला जाणवत नाही.

जवळ पिंपळ किंवा गुलमोहर असेल तर पहिल्याच वळवाला पानांनी जाळी बुजते. साचलेल्या पाण्यात डास, कडेला शेवाळ. शेवाळ ताठ ब्रशने आणि पाण्याने काढायचं. ॲसिड ओतू नका, सिमेंट खातं ते.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. गुलमोहर आहे, दोन मोठे. तोडायचे नाहीत, एवढं आमचं ठरलंय. बाऊल दुसऱ्या टोकाला नेतोय आणि झाडांखाली बसायचे कट्टे.

आता दुरुस्तीबद्दल बोला. शेजारच्या जिल्ह्यात एक पार्क पाहिला, कोणता ते सांगत नाही. दोन पावसाळ्यांत भेगा, आणि पालिकेच्या माणसाने वरून सिमेंटचा गिलावा फासलेला. तो पोपडे होऊन निघतोय.

चौक_सभा

त्याआधी एक वेगळीच गोष्ट. गणपती-नवरात्रात मंडप कुठे पडणार ते आत्ताच ठरवा. सपाट, मोकळी, दिवे असलेली जागा दिसली की मंडपवाले पहारीने भोकं पाडतात. मंडळांशी आधी बोला आणि पार्कबाहेर मुरमाच्या पट्टीत बांबूसाठी कायमचे पाइप गाडून द्या. मी मंडळाचा कार्यकर्ता आहे आणि आमच्याकडे रस्त्यावर असेच केले, खड्डे बंद झाले. मंडळाला मान दिला तर तेच लोक पार्क सांभाळतील.

हेमंत_ऋतू

आणि बाऊलमध्ये उन्हाळ्यात कुरडया वाळत घालणाऱ्या काकूंना आवरायला कोण जाणार? माझी तर हिंमत नाही.

पुण्याची_पोर

काकूंना सकाळी दहा ते चार सोडून द्या. त्या उन्हात आम्हीही येत नाही.

टेम्सकाठ

दुरुस्तीवरून आठवलं. लंडनच्या पूर्वेला हॉर्नचर्चमध्ये रॉम नावाचा पार्क आहे, १९७८ चा, फवारलेल्या काँक्रीटचा. २०१४ मध्ये त्याला वारसावास्तू म्हणून दुसऱ्या श्रेणीचं संरक्षण मिळालं. युरोपात असा मान मिळालेला तो पहिला स्केटपार्क. म्हणजे जुन्या चर्चची दुरुस्ती करताना जी काळजी घ्यायची, तीच या बाऊलची. त्याच्या गोलाया आजच्यासारख्या नाहीत, आणि तेच जपायचं आहे.

अमेरिकेत टॅम्पाचा ब्रो बोल याच काळातला. २०१३ मध्ये राष्ट्रीय वारसायादीत गेला, पण ज्या बागेत होता तिथे शहराला कृष्णवर्णीय वस्तीच्या इतिहासाचं स्मारक करायचं होतं. शेवटी जुना बाऊल लेझरने मोजून घेतला, पाडला आणि त्याच बागेत त्याची प्रतिकृती ओतली. आकार मोजून ठेवला होता म्हणून हे जमलं. कृष्णाकाठ, तुमचं काम पूर्ण झालं की जसं बांधलं तसं मोजमापाचं रेखांकन करून पालिकेत आणि वाचनालयात एकेक प्रत ठेवा. दुरुस्ती करणाऱ्याला मूळ गोलाई कुठली हे कळायला दुसरा मार्ग नसतो.

थापी_रंधा

भेगांचं सांगतो. केसासारखी बारीक भेग आली, दोन्ही बाजू समपातळीत आहेत, तर घाबरू नका, पण त्यात पाणी जात राहू देऊ नका, इपॉक्सी भरून घ्या. एक बाजू खाली गेली असेल तर मात्र भराव बसलाय. तिथे वरून काहीही फासून उपयोग नाही. पातळीतली ही पायरी लहान असेल तर ग्राइंडरला डायमंड कप लावून उंच कड घासून उतरती करायची. मोठी असेल तर तेवढं पॅनेल कापून, भराव पुन्हा कुटून, नव्याने ओतायचं.

गिलावा निघणारच. पातळ होत जाणारी कड काँक्रीटला धरत नाही. खराब भाग कटरने चौकोनी कापा, कडा सरळ उभ्या, खोली निदान २० मिमी. धूळ पूर्ण काढा, तळ भिजवा पण पाणी साचलेलं नको, मग पॉलिमर घातलेला दुरुस्तीचा मसाला दाबून भरा आणि त्यालाही पाणी मारा.

पोरं स्वतः करतात ती तातडीची दुरुस्ती म्हणजे गाडीच्या पत्र्याला भरतात ती लांबी. हार्डनर मिसळून भरली की अर्ध्या तासात घासून चालवता येते. जगभर स्केटबोर्डर हेच वापरतात. छोट्या खळग्याला उत्तम, पण ओल्या काँक्रीटला धरत नाही, म्हणून पावसाळ्यात नको.

जुना_ओव्हरसियर

भेगा मुळात कमी याव्यात यासाठी सपाट भागाला ३ ते ४ मीटरवर जोड कापा, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या सकाळी, खोली जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढी, रुंदी ३ मिमीच्या वर नाही. काँक्रीट आपली भेग कुठेतरी घेणारच. ती आपण आखलेल्या रेघेत घेऊ दे. आणि ओतायचं काम पहाटे सुरू करा. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी ओतलं तर घोटायच्या आधीच वरून सुकतं आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात.

दोष-दायित्व कालावधी (ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) किती वर्षांचा आहे ते पाहा आणि त्यात "पातळीतला फरक" हा शब्द घाला. नुसतं "भेगा" लिहिलं तर ठेकेदार सिमेंट फासून मोकळा होतो.

उंबरठा

आणि रोजचा झाडू? खडीच्या कणाचं वर वाचलं तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

पुण्याची_पोर

झाडू, सुपली आणि कुलूप असलेली लोखंडी पेटी पार्कमध्येच ठेवा, किल्ली पोरांकडे. आधी झाडायचं, मग चालवायचं, हे पहिल्या आठवड्यापासून लावलं तर कायमचं लागतं. बाहेर मुरूम असेल तर प्रवेशाच्या वाटेवर दोन-तीन मीटर फरसबंदी करा म्हणजे चपलांची माती तिथेच झडते. कठड्यांच्या कडेला लोखंडी अँगल बसवा, सपाट आणि न हलणारा. त्यावर पोरं मेणबत्ती घासतील, घासू दे, पण पायऱ्यांवर आणि गोलाईवर मेण नको. सायकलवाले येणार असतील तर त्यांचे धातूचे पेग (चाकाच्या आसाला लावलेल्या नळ्या) काँक्रीटच्या उघड्या कडा फोडतात, म्हणून जिथे कड तिथे लोखंड. त्यांना हाकलू नका, वेळ ठरवून द्या.

कृष्णाकाठ

पत्र तयार केलंय, उद्या देतो. वरच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी घेतल्यात, आणि मुलींचा नियम ठरावात टाकायचं एका नगरसेविकेने कबूल केलंय. एकच शंका उरली. ठेकेदाराकडे स्केटपार्कचा अनुभव असलेला सल्लागार आला तरी गवंडी स्थानिकच असणार. त्यांना जमतंय हे आधी कसं कळणार?

ओरेगॉनकर

नमुना पॅनेल. मुख्य काम सुरू व्हायच्या आधी दोन मीटर रुंदीची एक पूर्ण गोलाई, कोपिंगसकट, त्याच टोळीकडून, त्याच मालातून ओतून घ्यायची. पसंत पडली तरच पुढे. निविदेत तिला स्वतंत्र दर द्या म्हणजे ठेकेदार कुरकुरणार नाही. नंतर ती फोडायची नाही, पार्कबाहेर सरावासाठी ठेवायची.

थापी_रंधा

सहमत. गवंड्यांना कमी लेखू नका. ज्याने देवळाचा घुमट घोटलाय त्याला त्रिज्या समजावून सांगावी लागत नाही, फक्त मिलिमीटर कशासाठी हवेत ते सांगावं लागतं. पॅनेलच्या दिवशी एका पोराला बोर्ड घेऊन उभं करा आणि गवंड्यांना चालवून दाखवायला सांगा. चाक कुठे लागतं हे एकदा पाहिलं की हात आपोआप बारीक चालतो. मी सांगलीपर्यंत येऊ शकतो, निरोप पाठवा.

पुण्याची_पोर

मीही येते, बोर्डासकट. पण ओतल्यावर लगेच चालवणार नाही. पाणी मारून पूर्ण झालं आणि नीट सुकलं की मग.

जुना_ओव्हरसियर

पॅनेलच्या मालाचे क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) भरायला विसरू नका, ७ आणि २८ दिवसांचे दोन्ही. साच्यावर तारीख घाला, रजिस्टरला नोंद करा आणि ठेकेदाराची सही त्याच दिवशी घ्या.